रायलिनला न आठवलेला सामना

घरातलं पोर 'दुखतंय' म्हणालं, की आपला हात आधी त्याच्या कपाळाकडे जातो. पण तेच पोर नाव काढायला लागलं, की तो हात कसा आखडतो, हे लेलंड त्सोसीला एका रविवारी न्याहारी करताना कळलं.

लेलंड चिन्ली या मेंढपाळांच्या गावात शाळेची बस चालवायचा. त्याची लेक रायलिन कॉलेजच्या बास्केटबॉल संघात फॉरवर्ड होती. यंदाचं तिचं शेवटचं वर्ष. बास्केटखाली चार-चार धिप्पाड पोरींच्या गराड्यातून चेंडू काढून आणावा तो रायलिननंच. सामना म्हटला की निम्मं चिन्ली पिकअप गाड्यांत बसून तिच्यामागे जायचं. मेंढरं शेजाऱ्यांच्या भरवशावर. शनिवारी उपांत्य सामन्यात एका पोरीचं कोपर तिच्या कानशिलावर बसलं. ती पडली, उठली, 'ठीक आहे' म्हणून अंगठा वर केला आणि अखेरच्या क्षणी चेंडू जाळीत घालून तिने संघाला अंतिम फेरीत नेलं. लेलंड ओरडून ओरडून घसा बसवून आला होता.

रात्री तो तिला घरी घेऊन आला. सकाळी ती स्वयंपाकघरात येऊन बसली ती काळा चष्मा लावूनच.

"बघा, बघा!" लेलंड हसला. "अजून कुठल्या व्यावसायिक संघाने विचारलंसुद्धा नाही, अन् बाईसाहेबांचा तोरा!"

रायलिन हसली. पण तिची आई अर्नेस्टीन हसली नाही. तिने निळ्या मक्याची लापशी लेकीपुढे ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढला.

तेवढ्यात मावशी आली. मार्लीन बिटसुई, अर्नेस्टीनची थोरली बहीण. रायलिनच्या हातात पहिला चेंडू तिनेच दिलेला. एके काळी तीही अशीच खेळायची. आता डावा पाय ओढत चालायची.

"मावशी, कधी आलीस?" रायलिन म्हणाली.

"ही काय, आत्ताच."

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मावशीने कॉफी संपवली. रायलिनने मान वर केली. "अगं मावशी, तू कधी आलीस?"

मावशीने रिकामा कप खाली ठेवला.

"डोकं दुखतंय का गं?" मावशीने विचारलं.

"थोडंसं."

"थकलीय ती," लेलंड घाईघाईने म्हणाला. "दोन गोळ्या घेतल्या की उतरेल. पुढच्या शनिवारी अंतिम सामना आहे, ताई. व्यावसायिक संघांची माणसं तिला बघायला येणार आहेत. अशी संधी परत येत नाही."

"कॉलेजच्या डॉक्टरला सांगितलंस?" मावशीने पोरीलाच विचारलं.

रायलिनने बापाकडे पाहिलं. उत्तर त्या पाहण्यातच होतं.

"मीच म्हटलं, सांगू नकोस," लेलंड म्हणाला. "बाहेर बसवतील तिला! अख्खं गाव आशेने बसलंय. आपली पोरं रडत नाहीत, ताई. तुम्ही नाही का दुखरा गुडघा घेऊन खेळलात? लोक अजून नाव काढतात तुमचं."

"काढतात ना!" मावशी उसळली. "पण त्या टाळ्या मला पायऱ्या चढायला हात देत नाहीत, लेलंड. आणि माझा तर गुडघाच होता. डोक्याला दुसरा मार बसला तर? मग गाव काय करेल? मटणाचा रस्सा घेऊन येईल, चार दिवस रडेल आणि घरी जाईल. पोर तुझ्या घरात राहील. ती सोसते म्हणून आपण तिला शूर म्हणतो. अरे, तिला बोलायची सोय आपण ठेवलीय का?"

लेलंड चिडून काही बोलणार, तोच रायलिन हळूच म्हणाली, "बाबा, तो शेवटचा चेंडू... मला आठवतच नाही."

"म्हणजे?"

"मी खाली पडले, ते आठवतंय. नंतरचं काही नाही. सगळे वाहवा करतात. तो चेंडू मी फोनवरच पाहिला. कुणी दुसरीच खेळत होती असं वाटलं. मला भीती वाटतेय, बाबा."

अरे देवा! ज्या क्षणासाठी तो घसा फाटेस्तोवर ओरडला, त्या क्षणी त्याची पोर तिथे नव्हतीच!

लेलंड उठला. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. "चल," एवढंच म्हणाला आणि गाडीची किल्ली घेतली.

मेंदूला मार बसला होता, पण रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी हे सांगताच लेलंड दवाखान्याच्या भिंतीला टेकून खालीच बसला. "पूर्ण विश्रांती घेतली तर बरी होईल," डॉक्टर म्हणाले. "पण पुन्हा खेळली असती, तर मी काही सांगू शकलो नसतो."

अंतिम सामना रायलिनविना झाला आणि संघ हरला. गाव काय म्हणेल या धास्तीने लेलंड मान खाली घालून पेट्रोल पंपावर उभा होता, तर एक म्हातारी त्याच्यावरच खेकसली, "आधी का नाही सांगितलंस रे? आम्ही मेले त्या रात्री तिच्या कानाशी जिंकल्याचे ढोल बडवत होतो!" लेलंडला हसू आलं आणि डोळेही भरले. किती दिवसांत त्याने एवढा मोकळा श्वास घेतला नव्हता.

उन्हाळ्यापर्यंत रायलिनचं डोकं निवळलं. तिचा वर्षभराचा खेळ पाहून एका व्यावसायिक संघाने तिला सराव शिबिरासाठी बोलावलं. तिथल्या प्रशिक्षिकेने अंतिम सामना का खेळली नाहीस असं विचारलं, तेव्हा तिने सगळं खरं सांगितलं. "बरं झालं बाहेर बसलीस," प्रशिक्षिका म्हणाली. "दुखणं लपवणारी खेळाडू मला परवडत नाही." शिबिर संपलं तेव्हा रायलिन संघात होती.

त्या हिवाळ्यात चिन्लीच्या शाळेत सामना चालू असताना एक छोटी मुलगी डोक्यावर आपटली. धडपडत उठली आणि अंगठा वर करू लागली. लोक टाळ्या वाजवणार, एवढ्यात प्रेक्षकांतून बसवाल्या लेलंडचा आवाज घुमला, "बाहेर घ्या तिला! आधी डॉक्टरला दाखवा!"

मग त्या मुलीच्या बापानेच धावत जाऊन तिला उचललं.

मंडळी, आपल्या पोरांचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो त्यांच्या जिवावर नको. पोरं मैदानात पडली, तर टाळी वाजवण्याआधी त्यांना विचारू या, "कुठे लागलं?" आणि ती खरं बोलली, तर त्यालाच शौर्य म्हणू या!