तुळशीखालचा हंडा

मी हंडा बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, दिसणार नाही. बिदरच्या प्राणेश मास्तरांच्या अंगणात, तुळशीच्या मुळाशी, लाल मातीत मी पुरलेला आहे.

माझा जन्म तांबटाच्या हातचा मार खात झाला. शारदाबाईंच्या लग्नात त्यांच्या भावानं, गुंडेरावानं, मला खांद्यावर मिरवत आणलं. पंधरा वर्षं चुलीवर बसून मी घरादाराला न्हाऊ घातलं. मग बूड झिजलं, गळू लागलो आणि थेट अडगळीत गेलो. गरज सरो, वैद्य मरो!

मास्तरांना बिनतारी यंत्राचं वेड होतं. खटका दाबून टिकटिक करत ते दूरदूरच्या हौशी मंडळींशी बोलत. यंत्राची एक तार चिंचेच्या शेंड्याला होती आणि दुसरी जमिनीत जायची. ती जमीन सदा ओली हवी, नाहीतर आवाज लांब जात नाही. बिदरची माती पाणी धरते कुठं? घरात रोज पाणी मिळणारी जागा एकच. मास्तरांनी माझ्या काठाला तार डाख देऊन जोडली आणि मला तुळशीखाली पुरलं. शारदाबाई तुळशीला कळशीभर पाणी घालीत, ते झिरपत माझ्यापर्यंत येई. त्या पाण्यानं काय होतं, हे मास्तरांनी त्यांना कधी सांगितलं नाही. बाईमाणसाच्या रोजच्या कामात सांगण्यासारखं काही असतं, हे पुरुषांच्या ध्यानात येतच नाही.

लांबच्या बोलण्याची वेळ म्हणजे पहाट, उजाडायच्या आधीची घटकाभर. तिचे नियम ठरलेले. ऐकायचं फार, बोलायचं थोडं. महत्त्वाचा शब्द दोनदा सांगायचा आणि गप्प बसायचं.

पस्तीस सालच्या जूनमध्ये बातमी आली, क्वेट्टा शहर भूकंपात पडलं. गुंडेराव तिथंच रेल्वे कचेरीत नोकरीला. टपाल कचेरीतून दोन तारा केल्या, उत्तर नाही. जखमींना गाड्या भरून कराचीला आणत होते, आणि कराचीत मास्तरांचा एक बिनतारी दोस्त होता. त्याला नाव कळवलं असतं तर त्यानं इस्पितळं धुंडाळली असती.

पण मास्तरांचा आवाज पोचेना. दोस्ताचं बोलणं ऐकू येई, त्याला मात्र इकडचं काही कळत नव्हतं. एक पहाट गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. आवाज बाहेर जातोय का हे दाखवणारा यंत्रावरचा काटा उठत नव्हता. मास्तरांनी बॅटऱ्या बदलल्या, झाडावर चढून तार तपासली.

कारण मला ठाऊक होतं. चार दिवसांत मला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. जीव नुसता तगमगत होता. ओरडावं तर तोंडात माती!

चौथ्या सकाळी शेजारची नागम्मा कुंपणाशी आली. "अक्का, तुळस कामून वाळायलीय?"

"कसं पाणी घालू गं?" शारदाबाई म्हणाल्या. "भाऊ हाय का न्हाई, कळंना. सुतक असलं तर? सुतकात तुळशीला शिवत न्हाईत."

ओसरीवर बसलेले मास्तर ताडकन उठले. "अगं, त्या पाण्यावरच माझं यंत्र चालतं! आण कळशी, मी घालतो."

शारदाबाईंनी कळशी छातीशी धरली. "थांबा. तुम्ही घातलं तर मी सुतक धरलं असं व्हईल. माझ्या तोंडानं मी भावाला मेला म्हणू? मीच घालते."

त्यांनी चार कळशा ओतल्या. पाण्यामागून पाणी येत होतं आणि वर त्या हमसून रडत होत्या.

दुसऱ्या पहाटे काटा उठला. कराचीला नाव पोचलं. त्याच्या पुढल्या पहाटे टिकटिक उलट आली, आणि मास्तर अंगणात धावत आले. निरोप आला तसाच त्यांनी दोनदा सांगितला, "गुंडेराव हयात. गुंडेराव हयात. हात मोडलाय फक्त!"

पुढं लढाई लागली. बिनतारी बंद करायचा हुकूम आला, यंत्र सरकारजमा झालं, माझी तार तोडली. आता अठ्ठेचाळीस साल आहे. गुंडेराव नोकरी संपवून सोलापुरात राहतो. मधल्या निजामाच्या सरहद्दीवर गडबड आहे, तीन महिने त्याचं पत्र नाही.

शारदाबाई थकल्या आहेत. यंत्र नाही, तार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरी पहाटे उजाडायच्या आधी त्या कळशी घेऊन येतात, पाणी घालतात आणि हळूच म्हणतात, "गुंडेराव हयात. गुंडेराव हयात." मग गप्प उभ्या राहतात, ऐकत.

घाला बाई, पाणी घाला. पोचवणं आता माझ्या हाती नाही. पण ऐकतोय मी.