शाखेतलं खातं

भाऊ वारल्यावर सोफे शिवणाऱ्या काकांनी दोघांचं दुकान एकट्याच्या नावावर केलं, तेव्हा बँकेत खातंही नवं काढायची वेळ आली. आजवर बँकेचं सगळं भाऊच बघायचा.

परगावच्या मुलीने फोनवर समजावलं, "बाबा, मोबाईलवरचं खातं काढा. दरमहा पैसे कापत नाहीत, खेटे घालायला नकोत. घरबसल्या सगळं होतं."

"बघतो," म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते शाखेत गेले.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कामाला किती माणसं?"

"आता मी एकटाच."

बाईंनी जुने कागद पाहिले. "ते तुमचे भाऊ होते? दर सोमवारी यायचे. आमच्या खुर्च्यांना नावं ठेवायचे."

काकांना हसू आलं. चार महिन्यांत भावाचा विषय कुणी काढला नव्हता.

"खरं सांगू? तुम्हाला मोबाईलवरचं खातं पुरेल," बाई म्हणाल्या. "इथलं महाग पडतं. वर चेक भरायला दर आठवड्याला यावं लागतं."

"इथलंच द्या," काका म्हणाले.

बाईंनी फॉर्म पुढे केला. एकेक रकाना वाचत काकांनी तो सावकाश भरला. दुकानात वाट बघणारं कुणी नव्हतं.