एकाच पत्त्यावरची माणसं

प्रतिक्षा पासवर्ड टाकायला लागली तसं अनीसनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. ही त्याच्या सायबर कॅफेची रीतच होती. गिऱ्हाईक नवखं असो की रोजचं, पासवर्डच्या चौकटीत बोटं गेली की मालकानं समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बघत राहायचं. जव्हारात लोक चेष्टेनं म्हणत, त्या दुकानातल्या पातेल्यांची जेवढी माहिती अनीसला आहे तेवढी दुकानदारालाही नसेल.

"अनीसभाऊ, हे लाल काय आलं?"

त्यानं मान वळवली. पडद्यावर लाल पट्टी होती. प्रतिक्षाच्या शेजारी बसलेला तिचा नवरा करण पुढे झुकला आणि मोठ्यानं वाचू लागला. सूर्यमाळच्या आश्रमशाळेत तो मास्तर होता, त्यामुळे काहीही वाचलं तरी ते वर्गात वाचल्यासारखंच व्हायचं.

"करण आणि प्रतिक्षा ही एकाच व्यक्तीची सोंगखाती असल्याचे तपासात आढळले. दोन्ही खाती कायमची बंद करण्यात येत आहेत." तो थांबला. "सोंगखाती म्हणजे?"

"एकच माणूस दोन नावांनी लिहितो, त्याला म्हणतात," अनीस म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

करण हसला. "आमच्या बोहाड्याच्या जत्रेत मुखवटे घालून नाचतात, तिथंबी एका माणसाला एका रातीत एक सोंग झेपत नाय, आन हे म्हणतात दोन घेतली." मग हसू ओसरलं. "पण आम्ही दोघं हाव ना? ही काय, बसलीय हिथं."

अनीसनं प्रतिक्षाकडे पाहिलं. उपकेंद्रातली नर्स ती, लसीकरण आटोपून एसटीनं तशीच आलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून. ती एक बाई आहे आणि करण हा वेगळा पुरुष आहे, हे जगात कुणालाही दिसलं असतं. इंटरनेटला ते दिसत नव्हतं. तिथे दिसत होता फक्त पत्ता, म्हणजे कॅफेच्या जोडणीचा आकडा. दोघांचा एकच.

ही खाती इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशातली. तो कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा होता. पगार नाही, बढती नाही, भांडणं मात्र सरकारी कचेरीला लाजवतील अशी. ती मिटवायची पद्धतही ठरलेली. लेखात एकमेकांचं खोडत बसायचं नाही. लेखाला जोडलेल्या चर्चापानावर यायचं, पुरावा ठेवायचा, खाली आपली सही करायची, आणि एकमत होईल ते लेखात जायचं. नाहीच जमलं तर प्रचालक, म्हणजे ज्ञानकोशाचे कारभारी, निकाल देत. तेही बिनपगारीच.

या ज्ञानकोशात 'नीटनेटका' नावाचा एक गृहस्थ होता. दूरदर्शन मालिकांचे लेख त्याच्या देखरेखीखाली असत. तारखा चोख, संदर्भ चोख, आणि कुणी ऐकीव माहिती घातली की तासाभरात ती गायब. त्याला आता प्रचालक करावं असं बोलणंही सुरू होतं. नीटनेटका म्हणजे कॅफे बंद करून घरी गेल्यावर घरच्या फोनच्या तारेवरून लिहिणारा अनीस. हे जव्हारात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची बायको झरीना समजायची, नवरा दुकानाचा हिशेब करतोय.

'पल्याडचा पाडा' या मालिकेचा लेख त्याचा सगळ्यात लाडका. पंधरा वर्षांपूर्वी तिचं चित्रीकरण जव्हारात झालं, असं एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणावरून त्यानं लिहिलं होतं. एक दिवस करणनं तिथे भर घातली, की विहिरीची दृश्यं सूर्यमाळची आहेत, आणि पाणी भरणाऱ्या बायकांत जी हंडा उतरवून बोलते ती जानी. नीटनेटक्यानं ते काढलं. करणनं परत घातलं. गाडी चर्चापानावर आली.

"जानी माझी आई आहे. तिनेच मला सांगितले," करणनं लिहिलं.

"आई हा संदर्भ होत नाही," नीटनेटक्यानं उत्तर दिलं.

नियमानं ते बरोबर होतं. लिहून झाल्यावर अनीसला ते चटकदारही वाटलं होतं.

दुसऱ्याच खेपेला करणनं कॅफेत येऊन विचारलं होतं, "अनीसभाई, हिनंबी माझ्या बाजूनं लिवलं तर चालंल का? ही तवा पोर होती, पर बघाया गेलती."

"चालेल की. पण त्यांच्या स्वतःच्या नावानं हं," अनीसनं मनापासून सांगितलं, आणि स्वतः शेजारी उभं राहून तिचं खातं उघडून दिलं. प्रतिक्षानं सावकाश एकेक अक्षर शोधून लिहिलं, की मे महिना होता, विहीर तळाला गेली होती, आणि दृश्य नीट येईना म्हणून बायकांना भरलेले हंडे ओतून परत परत खाली पाठवत होते.

त्या संध्याकाळी नीटनेटका एकटा पडला. दोन मतं तिकडं, एक इकडं. अनीसचा संताप संताप झाला. स्वभावानं तो कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा, पण त्या पानावर शिरला की त्याच्या अंगात यायचं. त्यानं प्रचालकांना लिहिलं, "ही दोन्ही खाती लागोपाठ जागी होतात, एकाच बाजूने बोलतात आणि लागोपाठ झोपतात. कृपया तपास व्हावा." त्यात एक शब्दही खोटा नव्हता. ती दोघं कशी लागोपाठ बसतात हे त्याच्याइतकं कुणी पाहिलंच नव्हतं.

आता करण त्याच्याकडे बघत होता.

"तुम्हीच लिवा ना, अनीसभाई. कॅफे तुमचा. आम्ही दोन माणसं हाव हे तुम्हाला म्हाइत हाय. तुमचं तरी ऐकतील."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? अनीस खुर्चीवर बसला. 'अनीस, जव्हार' असं नवं खातं उघडलं आणि दोघांच्या देखत सरळ, साफ मराठीत सगळं लिहिलं. हा कॅफे माझा आहे, गावात दुसरा नाही, हे नवराबायको आहेत, दोघांना मी समोर पाहतो. करणनं खांद्यावरून वाचून मान डोलावली. प्रतिक्षाच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

त्याच पत्त्यावरून आलेल्या कोऱ्या खात्याचं काय होतं, हे नीटनेटक्याला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं ते लिहिलं होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी त्यानं पान उघडलं. 'अनीस, जव्हार' बंद झालं होतं. "तिसरे सोंग," असा शेरा होता. खाली प्रचालकानं लिहिलं होतं, "नीटनेटका यांनी वेळीच लक्ष वेधल्याबद्दल आभार."

"जेवण वाढलंय," झरीना म्हणाली. "झालं काय? कुणाला काही बोललात का?"

"मी कुणाला काय बोलणार?"

"चेहरा तसा दिसतोय."

त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. स्वतःच्या नावानं सत्य सांगायची एकच संधी होती आणि ती त्यानं स्वतःच्याच हातानं वाया घालवली होती. नीटनेटक्यानं इथून घरून लिहिलं तर ऐकतील, हे त्याला दिसत होतं. "माझी शंका चुकीची होती," एवढं लिहिलं की पुरे, करणला कळणारही नाही. पण तो असं लिहायला बसला की बोटं थांबत. नीटनेटक्याला कसं कळलं, असं कुणीतरी विचारणारच. आणि दोघांना ओळखतो म्हणावं, तर ओळखत असून तक्रार का केली, हा पुढचा प्रश्न.

पुढच्या आठवड्यात ती दोघं आली तेव्हा वीज गेलेली होती. इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू होता. करणच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता, वर दुसरं पान झाकलेलं.

"शाळेतल्या मोबाइलवर वाचलं," तो म्हणाला. "तुमचंबी खातं गेलं म्हणं. आमच्यापायी."

"अरे, त्याचं काय एवढं."

"आयेला सांगितलं मी, की जव्हारात एका माणसानं आपल्यासाठी लिवलं, तर त्यालाबी खोटं पाडलं." त्यानं द्रोण टेबलावर ठेवला. "करवंदं दिलीत तिनं. सकाळी सोता रानात गेली. म्हणं, त्याला दे."

अनीसनं पान बाजूला केलं. काळीभोर करवंदं, डेखं काढून, निवडून ठेवलेली. लाल, कच्चं असं एकही नव्हतं. त्याला एकदम फार लाज वाटली, इतकी की करणकडे बघवेना.

"त्यांना हे छापून हवं होतं ना?" त्यानं विचारलं.

"आता ऱ्हाऊ द्या. ती म्हणती, मी बोलले ते बोलले, कागुद कशाला." करण उठला. "आम्ही जातो. साडेचारची एसटी हाय."

"थांब."

करण थांबला.

"बस. वहिनी, तुम्हीपण बसा."

अनीसनं मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि ज्ञानकोशाचं पान उघडलं. घरून लिहायचं ते इथून लिहिलं, तर नीटनेटकाही याच पत्त्यावर सापडणार होता. चौथं सोंग म्हणतील. म्हणू देत. किंवा विचारतील, आणि मग तो सांगेल. त्यानं नावाच्या चौकटीवर क्लिक केलं आणि सावकाश, दोघांना वाचता येईल असं, टाइप केलं. नीटनेटका.

प्रतिक्षानं नाव वाचलं, मग अनीसकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. करणचे ओठ हलले, जणू तो ते वाक्य मनात पुन्हा वाचत होता, आई हा संदर्भ होत नाही.

पडद्यावर पासवर्डची चौकट लुकलुकत होती. अनीसची बोटं कळांवर होती, पण त्याला त्या दाबवत नव्हत्या.

करणनं खुर्ची सरकवली. मग त्यानं तोंड फिरवलं, आणि समोरच्या दुकानातल्या पातेल्यांकडे बघत बसला.

"टाका," तो म्हणाला.