तिसरं झाकण

कोपरगावच्या बाजूला, उसाच्या गावात, मुंग्यांना साखर आवडते की गूळ हा प्रश्न नुसता विज्ञानाचा राहत नाही. सहावीतल्या दिपालीने शाळेच्या परसबागेत मुंग्यांच्या वाटेवर बाटल्यांची तीन झाकणं मांडली, तेव्हा गुऱ्हाळवाले रंगनाथआबा आणि शुगर फॅक्टरीतला सुनील, दोघेही अगदी सहज म्हणून येऊन कुंपणाला टेकले. एका झाकणात साखर, दुसऱ्यात गूळ, तिसरं मुद्दाम रिकामं. मुंग्या खायला येतात की नुसत्याच फिरतात, हे त्या रिकाम्यावरून कळणार होतं.

जमलं तर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दिपालीचा नंबर लागणार होता. निवड करायला आलेले केंद्रप्रमुख साहेब आत चहा घेत होते.

दिपाली त्यांना बोलावून बाहेर घेऊन आली तेव्हा झाडून साऱ्या मुंग्या तिसऱ्या झाकणात.

"हे काय गं?" विज्ञानाच्या भारती मॅडमनी विचारलं.

"सुनीलराव, तुमच्या साखरंला मुंगीबी लागंना," रंगनाथआबा म्हणाले.

"आन तुमच्या गुळाला लई रांग लागली व्हय, आबा?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुंग्या तिथंच.

दिपालीने वाकून बघितलं. झाकणात शेंगदाण्याचा कूट!

"मीच घातला की," शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बनुबाई म्हणाल्या. "दोन ताटं भरल्याली आन तिसरं रिकामं? पंगतीत असं करत्यात का, पोरी?"

"मावशी, ते रिकामंच ठेवायचं होतं!"

"का?"

दिपालीने तोंड उघडलं. सकाळी तिला हे चांगलं पाठ होतं.

"मुंगीला शेंगदाणा आवडतो, असं सांग ना," साहेबांनी घड्याळ बघत वाट काढली. "चांगलं आहे की."

"पण सर, तो मी ठेवलाच नव्हता. मग हा प्रयोग कुणाचा?"

साहेब मॅडमकडे बघू लागले, मॅडम बनुबाईंकडे.

"उद्या परत मांडते, सर."

"उद्या मी दुसऱ्या शाळेत."

निवड वर्गातल्या रविराजच्या मातीच्या ज्वालामुखीची झाली. ज्वालामुखीला कुणी वाढत नाही, त्यामुळे तो ठरल्याप्रमाणे उफाळला.

सगळे पांगल्यावर दिपालीने झाकण धुतलं, पुसलं आणि परत रिकामं ठेवलं. बनुबाई हात पदरात घेऊन शेजारी बसल्या. एक मुंगी आली, रिकाम्या झाकणात गोल फिरली, थांबली आणि निघून गेली.

"रिकामं ताट बघून काय म्हनली आसंल ती आपल्याला?" बनुबाई हळूच म्हणाल्या.

दिपालीलाही आता तोच प्रश्न पडला होता.