गाठ सोडायला लागलेला वेळ

गाठ मारायला किती वेळ लागतो, हे कॅरिन टॉफ्टेने सप्टेंबरातच मोजून ठेवलं होतं. एकोणीस सेकंद.

मिनेसोटातल्या त्या लहानशा कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या मुलांची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं घ्यायची. कॅम्पसवर कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा व्हिडिओ कॉलेजने सगळ्या शिक्षकांना पाठवला होता. त्यात एक रुबाबदार माणूस टेबलं ढकलून दाराला लावत होता. कॅरिनने व्हिडिओ थांबवला, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या प्रयोगशाळेत गेली आणि दार उघडून पाहिलं. ते बाहेर उघडत होतं. आग लागली तर मुलांना पटकन पळता यावं म्हणून प्रयोगशाळांची दारं तशीच असतात. म्हणजे आतून टेबल लावा नाहीतर हत्ती उभा करा, बाहेरचा माणूस दार ओढणार आणि मोकळा होणार. कुलूपही फक्त बाहेरून लागायचं.

मग तिची नजर वर गेली. दार आपोआप लावून घेणारा लोखंडी दांडा कोपरासारखा दुमडत होता. त्याचे दोन्ही भाग एकमेकांना बांधले तर दार उघडणारच नाही. पंपाची जाड रबरी नळी शेजारच्या खुंटीला होतीच.

पहिल्याच तासाला तिने स्टुलावर चढून मुलांना गाठ मारून दाखवली.

"टकर, लक्ष कुठाय?"

"इथेच आहे, मॅडम. बालवाडीपासून हेच करतोय आम्ही," टकर जांभई देत म्हणाला. "तुमच्या वेळी नव्हतं का हे?"

"आमच्या वेळी फक्त चक्रीवादळाची तालीम असायची."

"मजा होती की मग तुमची."

मुलं हसली. कॅरिनने फळ्यावर नियम लिहिले: दिवे बंद, फोन बंद, आणि कुणीही हाक मारली तरी दार उघडायचं नाही. फक्त पोलिसांनी ओळख सांगितली तरच.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी मुलं ॲस्पिरिनचे स्फटिक बनवत होती आणि ते थंड करायचा बर्फ संपला.

"फेंग, बादली घे आणि तळमजल्यावरून बर्फ घेऊन ये," कॅरिन म्हणाली. "धावू नकोस, जिना ओला आहे."

फेंग व्हांग हा सडपातळ, कमी बोलणारा मुलगा. तो बादली घेऊन गेला. तीन-चार मिनिटांत वर्गातले सगळे फोन एकदम कर्कश वाजले. ग्रंथालयाजवळ गोळीबार. पळा, लपा, लढा. ही तालीम नाही.

ग्रंथालय समोरच होतं आणि जिना त्याच बाजूला उतरायचा. पळण्यात अर्थ नव्हता. कॅरिनने दिवे आणि शेगड्या बंद केल्या. टकर न सांगता स्टुलावर चढला आणि नळी आवळली. मुलं आतल्या भिंतीला टेकून ओळीने बसली. सगळं इतकं सुरळीत झालं, की कॅरिनला क्षणभर बरं वाटलं. मग तिने डोकी मोजली. तेरा. चौदावा फोन फेंगच्या टेबलावर, चंचुपात्राच्या शेजारी, अजून थरथरत होता.

त्याला कळवायला काही मार्गच नव्हता.

दोन मिनिटांनी दार हललं. गाठ कचकन आवळली.

"मॅडम?" बाहेरून आवाज आला. "मी आहे. फेंग."

कुणी हललं नाही.

"उघडू नका," ब्रेना कुजबुजली. ती कॅरिनच्या अगदी शेजारी बसली होती. "शाळेत तालमीच्या वेळी आमचे मुख्याध्यापक असंच करायचे. दार वाजवायचे, लहान मुलीचा आवाज काढून रडायचे. दुसरीत असताना मी उघडलं होतं. ते आत आले आणि म्हणाले, ब्रेनामुळे आता सगळा वर्ग मेला."

"फेंगचाच आवाज आहे ना पण," टकर म्हणाला.

"त्याच्या डोक्याला बंदूक लावून कुणी उभं असेल तर?"

तसं नसेल, असं कॅरिनला म्हणता येईना. दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला होता. बाहेर एक माणूस आहे की दोन, हे ओळखण्याचा कुठलाच उपाय तिला सुचेना.

"मॅडम, तुम्हीच पाठवलंत ना मला?" फेंगने आवाज आणखी खाली आणला होता. बालवाडीपासूनच्या तालमी त्यानेही केल्याच होत्या. "प्लीज."

कॅरिन उठली.

"मॅडम, नका ना!"

ती स्टुलावर चढली. रबरावर रबर घसरत नव्हतं. फेंगने दार ओढल्यामुळे गाठ सुपारीएवढी घट्ट झाली होती. तिची नखं मोडली. बांधण्याचे सेकंद तिने मोजले होते, सोडायचे मोजावेत हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"फेंग, दार ओढू नकोस. गाठ आवळतेय."

"बरं," बाहेरून उत्तर आलं.

टकरने ड्रॉवरमधली कात्री दिली. नळी चेपली, पण कापली गेली नाही. मग त्याने खोकी उघडायची सुरी शोधून आणली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं. कॅरिन घासत राहिली. कोपऱ्यात कुणीतरी मुसमुसत होतं. नळी तुटली, दार उघडलं आणि फेंग आत आला. एकटाच. बर्फाची बादली अजून हातात होती.

आता बांधायला नळी नव्हती. टकरने कमरेचा पट्टा काढला आणि दांड्याभोवती गुंडाळला. पन्नास मिनिटांनी पोलिसांनी बाहेरून दार ओढलं, ओळख सांगितली, तेव्हा तो सोडला. ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये एका माणसाने दोघांना गोळ्या घातल्या होत्या. त्यातला एक गेला. मारेकरी या इमारतीकडे फिरकलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात कॅरिनने अहवाल दिला. सुरक्षा विभागाच्या प्रमुखाने तो दोनदा वाचला.

"दार उघडल्याचं लिहायलाच हवं का? तुम्हीच अडचणीत याल."

"सोडायला मिनिटाच्या वर गेलं, हे कळल्याशिवाय तुम्ही दार बांधायचं दुसरं साधन कसं शोधणार? ते राहू द्या."

त्याच दुपारी फेंग तिच्या खोलीत आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आतलं बोलणं मला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "'उघडू नका' कोण म्हणालं?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे कुणीतरी म्हणालंच."

"मीही गप्पच होते, फेंग. तू पुन्हा बोलेपर्यंत. नियम मीच लिहिला होता."

"मग उघडलंत का?"

"तुला बर्फ आणायला मी पाठवलं होतं म्हणून."



"आणि मी माझ्या मनाने बाहेर गेलो असतो तर? बाथरूमला वगैरे?"

हो, तरीही उघडलं असतं, असं सांगणं सोपं होतं. तो त्याचीच वाट पाहत होता. कॅरिनने ते दार पुन्हा डोळ्यांसमोर आणलं, तो दबका आवाज, शेजारची ब्रेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

 फेंगने खुर्ची ओढली आणि तो बसला.