मानीबाईचा डावा अंगठा

मित्रांनो, मला उघडले तर पानापानावर शाईचे अंगठे दिसतील. मी आर्णीजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे जुने हजेरीबुक आहे. नवे होते तेव्हा माझा लाल कापडी पुठ्ठा होता, रुबाब होता. मुनीम वामनराव मला रोज सकाळी फडक्याने पुसत. हे बुक कधी खोटे बोलत नाही, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मी फुगून जाई.

तुम्ही कामावर होता याचा पुरावा म्हणजे हजेरी. रोजंदार म्हणजे ज्याला आजचे काम आहे, उद्याचे ठाऊक नाही. त्याचा नागा पडला की नाव कटते. म्हणून बंजारा तांड्यावरच्या बायांनी तोड काढली होती. एक आजारी पडली की दुसरी तिच्या नावापुढे अंगठा लावी. याला त्या बदली म्हणत.

माघात बिजलीबाई तापाने फणफणली. तिची जाऊ मानीबाई, स्वतःची सुटी असूनही, तिच्या जागी आली.

"बिजलीच्या नावावर मार अंगठा, चालते," वामनराव म्हणाले.

दुपारी यंत्राच्या पट्ट्यात मानीबाईचा डावा हात गेला. सकाळी त्याच हाताचा अंगठा माझ्यावर उमटला होता.

मजुराला कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हणून मालक विमा काढतो. ती भरपाई मागणे म्हणजे दावा. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला उघडले. मानीबाईपुढे सुटी लिहिलेली. बिजलीबाईपुढे हजर, आणि बिजलीबाईचे दोन्ही हात धडधाकट. दावा नामंजूर झाला. वामनराव मान खाली घालून उभे होते. खोटी साक्ष माझीच होती, आणि मला ओरडताही येत नव्हते.

मानीबाईची पोर रंजिता मोठी हुशार. नाव दुसरीचे असले तरी अंगठा आईचाच, हे तिच्या ध्यानात आले. मानीबाईच्या आधीच्या हजेऱ्याही माझ्यातच आहेत. ते अंगठे त्या दिवसाच्या अंगठ्याशी जुळवले की झाले. अपील म्हणजे पुन्हा दाद मागणे, आणि त्याची मुदत शुक्रवारी संपते. काल ती ऑफिसात आली.

"काका, ते बुक दाखवा. माह्या याडीचा अंगठा आता त्याच्यातच उरला हाय."

वामनराव खुर्चीवरून हलले नाहीत. खरे बोलावे तर नोकरी जाते.

"त्याले वाळवी लागली, पोरी. जाळून टाकलं."

मित्रांनो, मी तिच्यापासून दोन हातांवर होते. खुर्ची बुटकी पडते म्हणून वामनरावांनी मला गादीखाली घातले आहे. रंजिता पायऱ्या उतरून गेली.

जुने कागद जपावेत म्हणतात. मला जपले आहे, बुडाखाली. आज बुधवार. तुमच्यापैकी कोणी त्या ऑफिसात गेलात, तर हात जोडते, वामनरावांना क्षणभर उठून उभे राहायला सांगा.