बाप बघून लावलेली बोली

ड्राय फोर्क गावातल्या शाळेच्या बेसबॉल मैदानावर, फटका मारणारा उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे, तारेच्या जाळीला लागून जी लाकडी बाकं आहेत, त्यांतल्या दुसऱ्या पायरीवरची डावीकडची जागा ओलीटा प्रुइटची. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण गावात कुणी तिथं बसत नसे. तिचा नवरा लायल खेळायचा तेव्हा बाकंच नव्हती, माणसं गाड्यांच्या टपांवर बसून खेळ बघत. मुलगा कर्टिस खेळायला लागला तेव्हा बाकं आली. आता नातू टकर खेळत होता. तिघंही शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा म्हणजे संघातल्या सगळ्यात चपळ पोराची. चेंडू तिथं जास्त येतात आणि वाकडेतिकडे येतात, उचलून फेकायला मात्र श्वासाइतकाही वेळ मिळत नाही. लायल गेला, कर्टिस तेलविहिरीवरून परतताना रस्त्यात गेला, पण ती लाल माती आणि त्या मातीतला आपला माणूस, एवढं ओलीटाचं उरलं होतं.

फक्त आता त्या माणसाच्या, टकरच्या, जर्सीवर पाठीला 'हॉबर्ट' लिहिलेलं होतं. ते नाव दिसलं की अजूनही तिच्या कपाळाची शीर उडायची.

कर्टिस गेला तेव्हा टकर पाळण्यातून नुकता बाहेर आला होता. सून कॅराने पुढे ड्वेन हॉबर्टशी लग्न केलं. त्याला ओलीटाची ना नव्हती. तरण्या पोरीनं किती दिवस एकटं राहायचं? पण ड्वेनने कोर्टात जाऊन पोर दत्तक घेतलं, आणि प्रुइट हे नाव एका दुपारी पुसलं गेलं. त्या दिवसापासून ओलीटा ड्वेनशी हवापाण्यापलीकडे बोलली नव्हती.

"आज गिधाडं लई उतरलीत," शेजारी बसलेली फर्न म्हणाली. फर्न तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या मांडीवर कॉर्न चिप्सवर ओतलेल्या मटणाच्या रश्श्याचा कागदी द्रोण होता आणि वारा त्याची कडा फडफडवत होता.

गिधाडं म्हणजे व्यावसायिक संघांचे पारखी. जुलैत ड्राफ्ट होता. देशातले सगळे संघ पाळीपाळीने पोरं उचलणार होते. टकरचं नाव त्यात वरच्या फेऱ्यांत असेल असं वसंत सुरू झाल्यापासून बोललं जात होतं. शॉर्टस्टॉप म्हणून उचललं तर वरच्या फेरीत, तिसऱ्या बेसवरचा म्हणून उचललं तर कुठंतरी तळाशी, नाहीतर नाहीच. टकरला दुसरं काही नको होतं. लहानपणी बाकीची पोरं पोलीस नाहीतर अंतराळवीर होणार होती, तेव्हा हा म्हणायचा, "मी शॉर्टस्टॉप होणार," जणू तो एखादा हुद्दा होता.

पारखी ओलीटाच्या पुढच्या-मागच्या बाकांवर येऊन बसले. डोक्यावर गवती टोप्या, हातात घड्याळं, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. थेट तिच्या समोर बसलेल्या प्रेटरला ती ओळखत होती. या भागाची पारख त्याच्याकडे याच वर्षी आली होती, आणि तो टकरच्या घरी दोनदा जेवून गेला होता. आज त्याने आपल्या वरचा मोठा पारखी आणला होता, गिबन्स. हा माणूस एकदाच येतो, एकच खेळ बघतो, आणि त्याचा शब्द शेवटचा. म्हातारी बाई मागे बसली आहे याची दोघांनाही फिकीर नव्हती. म्हाताऱ्या बायका म्हणजे बाकाचाच एक भाग.

पहिल्याच डावात टकरने डाव्या अंगाला झेप घेऊन चेंडू अडवला आणि गुडघ्यावरूनच फेकला. फर्नच्या द्रोणातला रस्सा सांडला.

"हात बघितलास?" प्रेटर म्हणाला. "आणि पाय?"

"हात आहे. पाय आज आहेत," गिबन्स बी थुंकत म्हणाला. "पंचविशीत कुठे असतील ते सांग. बाप कुठला?"

प्रेटरने हनुवटीने पहिल्या बेसपलीकडे दाखवलं. जाळीजवळ स्वतःची घडीची खुर्ची टाकून ड्वेन बसला होता. तो नेहमी तिथंच बसायचा, कारण बाकं त्याच्या वजनाने कुरकुरायची. ड्वेन म्हणजे दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस. मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात ते कळायचं नाही. वेल्डिंगच्या कामावरून तसाच आला होता.

गिबन्सने टोपी मागे सरकवली आणि ड्वेनला खालीवर नीट बघितलं. "आई गं! ते ढुंगण बघितलंस? बैलगाडी वळवायला जागा लागेल."

प्रेटर हसला. "घरी जेवायला बसला की टेबल एका बाजूला कलतं."

"खाण तशी माती, बाबा. पोरगा आज काटकुळा दिसतोय, पण चार वर्षांत कंबर भरणार, मांड्या भरणार. मग शॉर्टस्टॉप कसला? तिसऱ्या बेसवर न्यावा लागेल, आणि तिथं लागतो तसा फटका याच्याकडे नाही. खाली ढकल. मी याच्यावर वरची पाळी घालवणार नाही."

ओलीटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला दोन क्षण काही दिसेना. तिचा बाप जनावरांच्या बाजारात बोली पुकारायचा. खोंड विकायला आला की तो आधी विचारायचा, बाप कुठल्या गोठ्यातला? आणि विचारल्यावर माणसं खरं उत्तर देत. इथं या शहाण्याने विचारलंसुद्धा नव्हतं. लांब बसलेला एक जाडा माणूस बघितला आणि पोराच्या आयुष्याची किंमत करून मोकळा झाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आणि हा प्रेटर! दोनदा त्या घरचं खाल्लं आणि याला एवढंही कळलं नाही? पण कळणार कसं? त्या घरात 'सावत्र' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. ड्वेन नाही, कॅरा नाही, टकर तर नाहीच. गावातही कुणी त्याच्या तोंडावर बोलायचं नाही, ही ड्राय फोर्कची रीत. सगळे जाणत होते आणि सगळे गप्प होते.

"ओलीटा," फर्न कुजबुजली. तिनेही ऐकलं होतं. "तोंड आवर. कॅराची हॉस्पिटलातली ड्यूटी सुटली की ती सांगेल काय ते."

"तोवर हा मोटारीत बसून गेलेला असेल."

"मग हळू सांग. कानात सांग."

पण इतक्या वर्षांचं साठलेलं कानात मावणारं नव्हतं. ओलीटा उठून उभी राहिली. पर्स मांडीवरून घसरली.

"तो त्याचा बाप नाही!"

हवं होतं त्यापेक्षा फार मोठ्यानं निघालं. ओक्लाहोमात वारा कधी थांबत नाही, पण त्या घडीला तो थांबला असावा, नाहीतर शब्द एवढे लांब गेले नसते. गिबन्स दचकून वळला. बाकांवरच्या माना वळल्या. पलीकडे ड्वेन खुर्चीत तसाच बसून राहिला, फक्त हातातला चहाचा पेला त्याने खाली गवतावर ठेवला.

आणि शॉर्टस्टॉपच्या जागेवर टकरने मान वर केली.

"माझ्या मुलाचं पोर आहे ते," ओलीटाला आता थांबता येईना. "कर्टिस प्रुइटचं! तो मेला तेव्हा त्याच्या कमरेचा पट्टा माझ्या कमरेला बसत होता. समजलास? तू कुणाला बघून कुणाची बोली लावतोस? जनावरांच्या बाजारातसुद्धा याच्यापेक्षा जास्त अक्कल चालते!"

"बाई, शांत व्हा..." प्रेटर म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. त्यांच्याच ताटात जेवलास आणि त्यांच्याच टेबलाला हसलास."

तेवढ्यात बॅटचा आवाज झाला. साधा, सरळ जमिनीवरून येणारा चेंडू टकरकडे निघाला. लहान पोरानेही उचलला असता. टकर खाली वाकला, आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून मागे निघून गेला.

गिबन्सने ते टिपून घेतलं.

ओलीटा मटकन खाली बसली. राग गेला नव्हता, त्याला फक्त जायला जागा उरली नव्हती. आपण तोंड उघडलं ते त्याला वाचवायला, आणि झालं हे. फर्नने तिची पर्स उचलून मांडीवर ठेवली.

खेळ संपला तेव्हा ड्वेन जाळीच्या कडेकडेने चालत बाकांकडे आला. ओलीटाने पाठ ताठ केली. म्हणू दे काय म्हणायचं ते. तिच्याकडे उत्तरं तयार होती.

ड्वेनने टोपी काढली. "मिस ओलीटा," तो तिला म्हणाला, आणि मग गिबन्सकडे वळला. "साहेब, त्या खरं सांगतायत. माझ्या रक्ताचा एक थेंब नाही त्याच्यात. त्याच्या आईला दर वर्षी त्याची पँट कमरेत आत घ्यावी लागते. आणि माझं ढुंगण मलाच पुरतं, ते मी कुणाला देत नाही."

मघाशी वारं त्याच्याच दिशेने वाहत होतं. पारख्यांचं सगळं बोलणं पहिल्या बेसपलीकडे पोचलं होतं. प्रेटरचे कान लाल झाले.

"मग हे तू आधीच का नाही सांगितलंस?" गिबन्स म्हणाला.

"कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी," ड्वेन थांबला, त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, "त्याच्यासमोर मी ते सांगणार नव्हतो. तुमची ती पाळी गेली खड्ड्यात. पण आता गावाला ऐकू गेलंच आहे, तर निदान नीट बघून जा. एक टोपलीभर चेंडू मारू द्या त्याला. तो जो एक चुकला, ती चूक त्याची नव्हती."

ते शेवटचं वाक्य तो ओलीटाकडे न बघता बोलला. ओलीटाला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

टकर जाळीपाशी आला होता. चेहरा मातीने माखलेला, ओठ पांढरे. "मीमॉ," तो आजीला म्हणाला, "झालं समाधान?"

"अरे, तो माणूस तुला..."

"मला ऐकू आलं. सगळ्यांना ऐकू आलं." मग तो ड्वेनकडे वळला, आणि त्याच्यावर तर जास्तच भडकला. "आणि तुम्ही पण? 'एक थेंब नाही'? असं उभं राहून सांगितलंत?"

"चेंडू उचल, टकर," ड्वेन म्हणाला. "भांडण घरी."

प्रशिक्षक बॅट घेऊन उभा राहिला. पहिल्या बेसवरचा पोरगा घरी निघून गेला होता, म्हणून ड्वेनने कुणाचा तरी मिट, चेंडू झेलायचा चामडी हातमोजा, हातात चढवला आणि वेल्डिंगच्या बुटांसह तिथं जाऊन उभा राहिला.

टकरने पहिला चेंडू उचलला आणि ड्वेनच्या छातीवर असा फेकला की मिटमधून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. दुसरा त्याहून जोरात. डावीकडे, उजवीकडे, पुढे धावत येऊन, मागे पळत जाऊन. एकही सुटला नाही, आणि प्रत्येक फेक शिवी दिल्यासारखी. ड्वेन एकेक झेलत होता, चेंडू बाजूला टाकत होता, आणि म्हणत होता, "अजून." परसात रोज संध्याकाळी हेच म्हणत आला असावा, कुठला चेंडू कुठं येणार ते त्याला आधीच ठाऊक होतं.

ओलीटा बघत होती. गुडघ्यावरून फेकताना खांदा खाली पडतो तो कर्टिसचा. पण प्रत्येक चेंडूच्या आधी पोरगा मान एका बाजूला टाकून उजवा खांदा झटकत होता, आणि ते प्रुइटांच्या घरात कुणीच करत नसे. तिने पहिल्या बेसकडे बघितलं. ड्वेनने मिट वर धरला, मान एका बाजूला टाकली, खांदा झटकला.

इतकी वर्षं ती याच जागेवर बसून काय बघत होती?

गिबन्स तिच्या शेजारी येऊन बसला होता, टोपी हातात घेऊन. आवाज आता मऊ होता. "बाई, मघाशी माझं चुकलं. मला सांगा, याचा सख्खा बाप पंचविशीत अंगाने कसा होता? उंची किती? त्याचे मामा, काका?"

याच प्रश्नाची ती टकरच्या दत्तकाच्या दिवसापासून वाट बघत होती, कुणीतरी कर्टिसबद्दल विचारावं याची. पर्समध्ये त्याचा फोटो होता, याच मैदानावरचा, पाठीवर 'प्रुइट'. तिचा हात पर्सच्या खटक्याशी गेला.

मैदानावर चेंडू पुन्हा मिटमध्ये आदळला. "अजून," ड्वेन म्हणाला.

ओलीटाने हात मागे घेतला. आणि तिचा राग, जो दुपारपासून ड्वेनवरून प्रेटरवर, प्रेटरवरून स्वतःवर भटकत होता, तो जागा मिळाल्यासारखा परत आला.

"पुन्हा तेच?" ती म्हणाली. "मघाशी जाडा बाप बघितलास, आता मेलेला बघायचाय? त्यानंतर माझी कंबर मोजशील? पोरगा तुझ्या डोळ्यांसमोर पळतोय, मूर्खा. त्याच्याकडे बघ!"

गिबन्सने टोपी डोक्यावर घालून मैदानाकडे तोंड केलं.

ओलीटानेही केलं.